सभाधीटपणा कमवावा कसा: चारचौघांत आणि कामाच्या ठिकाणी नीट बोलण्यासाठी

‘वक्ता दशसहस्रेषु’ हे सुभाषित इतक्या वेळा कानावर पडते की चांगला बोलणारा माणूस दहा हजारांत एखादाच असतो आणि तो तसा जन्मावाच लागतो, अशी अनेकांची समजूत होऊन बसते. या समजुतीपायी कितीतरी अभ्यासू, कामाला वाघ असलेली माणसे बैठकीत गप्प बसतात आणि त्यांनी केलेल्या कामाची माहिती दुसराच कोणीतरी, तीही अर्धवट, देतो. वास्तविक आपल्यापैकी बहुतेकांना सभा जिंकायच्या नसतात. कामाचा आढावा पाच मिनिटांत मांडणे, मुलाखतीत स्वतःविषयी नीट सांगणे, पालकसभेत शंका विचारणे, एखाद्या समारंभात प्रास्ताविक किंवा आभारप्रदर्शन करणे, एवढेच हवे असते, आणि एवढे कोणालाही शिकता येते. मात्र शिकण्याची रीत बहुतेकांची चुकते. तयारी म्हणून माणसे वाचतात, लिहितात, मनातल्या मनात वाक्ये जुळवतात, आणि तोंडातून पहिला शब्द काढतात तो थेट श्रोत्यांसमोर. गाण्याचा रियाज कोणी मनातल्या मनात करत नाही. बोलण्याचाही तसा होत नाही, आणि पुढील बहुतेक सूचना या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

भीतीला कामाला लावणे

बोलायला उभे राहताना छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पाय लटपटतात. हा स्वभावाचा दोष नव्हे. अनेक नजरा आपल्यावर खिळल्या की मेंदू त्याला धोका समजतो, ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो आणि लाळ कमी सुटल्यामुळे जीभ टाळूला चिकटते. पुढे लाखोंच्या सभांमध्ये बोललेले मोहनदास गांधी वकिलीतील आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना एकही प्रश्न सुचला नाही आणि ते तसेच खाली बसले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि बोलण्यातील संकोचामुळे शब्द जपून वापरण्याची सवय लागली, असेही तेथे नोंदवले आहे.

भीती पूर्णपणे घालवण्याच्या प्रयत्नात पडू नये, कारण तो बहुधा फसतो. ॲलिसन वुड ब्रूक्स या हार्वर्डमधील संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषणापूर्वी काही जणांना ‘मी शांत आहे’ असे आणि काही जणांना ‘मी उत्साहात आहे’ असे मोठ्याने म्हणायला सांगितले होते. उत्साहाचे वाक्य म्हणणाऱ्यांची भाषणे ऐकणाऱ्यांना अधिक प्रभावी वाटली. याचे कारण समजण्यासारखे आहे. धडधडणारे हृदय एकदम शांत करणे अवघड असते, पण तीच धडधड उत्साहाचीही असते, त्यामुळे तिला ते नाव देणे मनाला पटते. दुसरी दिलासा देणारी गोष्ट केनेथ सॅवित्स्की आणि टॉमस गिलोविच यांनी २००३ साली दाखवून दिली. आपली घालमेल सर्वांना दिसते आहे असे बोलणाऱ्याला वाटते, पण ती ऐकणाऱ्यांना त्यामानाने फारच कमी दिसते, आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणून हात थरथरत असल्याची कबुली देऊन भाषणाला सुरुवात करू नये. तुम्ही सांगेपर्यंत ते बहुतेकांच्या लक्षातही आलेले नसते.

शरीरासाठी एक साधा उपाय पुरतो. बोलण्यापूर्वी चार-पाच वेळा नाकाने पोटापर्यंत श्वास घ्यावा आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून तोंडाने सावकाश सोडावा. सोडलेला लांब श्वास हृदयाची गती उतरवतो. पहिली दोन वाक्ये मात्र अशी तोंडपाठ असावीत की झोपेतून उठवले तरी म्हणता येतील. भीतीचा जोर पहिल्या मिनिटात सर्वाधिक असतो, आणि तेवढा काळ पाठ केलेली वाक्ये तुम्हाला पैलतीरी नेतात.

बोलायचे काय, हे एका वाक्यात

कागद हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारावा आणि त्याचे उत्तरही मोठ्याने द्यावे: माझे बोलणे संपल्यावर ऐकणाऱ्यांनी काय करावे किंवा काय लक्षात ठेवावे? उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर अडचण भाषेची नसते, विचार अजून पक्का झालेला नसतो. ‘नव्या यंत्रणेविषयी माहिती देणे’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘नवी यंत्रणा दोन विभागांत तीन महिने वापरून पाहण्यास या बैठकीने मंजुरी द्यावी’ हे उत्तर नेमके आहे, कारण त्यावरून कोणती माहिती ठेवायची आणि कोणती गाळायची, हे आपोआप ठरत जाते.

गाळणे हाच यातला अवघड भाग आहे. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथील सैनिकी दफनभूमीच्या समारंभात एडवर्ड एव्हरेट हे त्या काळातील नामांकित वक्ते सुमारे दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर अब्राहम लिंकन जेमतेम दोन मिनिटे, म्हणजे सुमारे २७० शब्द बोलले. दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी लिंकन यांना पत्र लिहून मान्य केले की, त्या प्रसंगाच्या मर्माजवळ तुम्ही दोन मिनिटांत जितके पोहोचलात तितके मी दोन तासांत पोहोचलो असतो तर मला समाधान वाटले असते. आपल्याला दिलेल्या वेळाच्या ऐंशी टक्क्यांत बसेल एवढेच बोलणे तयार करावे, असे मला वाटते. उरलेला वेळ विरामांना, हशाला आणि प्रश्नांना लागतोच.

कामाच्या ठिकाणी निष्कर्ष आधी सांगावा आणि कारणे नंतर. आपली सवय नेमकी उलटी असते: पार्श्वभूमी, इतिहास, अडचणी, प्रयत्न, आणि सर्वांत शेवटी मुद्दा. कथा सांगताना हा क्रम शोभतो, परंतु वरिष्ठांपुढे बोलताना दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी मध्येच थांबवून ‘मग करायचं काय?’ असे विचारते आणि सारा क्रम विस्कटतो. समारंभातील बोलणे याला अपवाद आहे. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याविषयी बोलताना ‘ते प्रेमळ, कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊ आहेत’ ही विशेषणांची माळ कोणाच्याही गळ्यात घालता येते, म्हणून ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्यांनी एका संध्याकाळी थांबून नवख्या सहकाऱ्याची चूक कशी निस्तरली, तो एक प्रसंग नीट सांगितला, तर विशेषणांची गरजच उरत नाही.

लिहिण्याची मराठी आणि बोलण्याची मराठी

या विषयावर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण चांगली तयारी केलेली भाषणेही नेमकी इथेच निर्जीव होतात. आपण भाषण लिहून काढतो तेव्हा हात लेखी भाषेकडे वळतो. ‘सदर योजनेची अंमलबजावणी करण्यात आलेली असून त्याद्वारे अपेक्षित परिणाम साध्य झालेले आहेत’ हे वाक्य अहवालात खपून जाते, पण उभे राहून म्हटले की ऐकणाऱ्याचे लक्ष ‘करण्यात आलेली’पाशीच सुटते. तेच ‘ही योजना आम्ही सुरू केली आणि ठरवलं होतं ते झालं’ असे म्हटले की कोणी काय केले ते उघड होते. वाचणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून भाषणाचा मसुदा आधी बोलावा आणि मग उतरवावा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून, समोर एखादा मित्र बसला आहे अशा कल्पनेने विषय सांगावा, नंतर ते ऐकत ऐकत लिहून काढावे आणि त्यावर संस्कार करावेत. ‘केले’, ‘सांगितले’ असे लेखी रूप कागदावर असले की वाचताना आवाजही पुस्तकी होतो, त्यामुळे स्वतःसाठीच्या टिपणात ‘केलं’, ‘सांगितलं’ असेच लिहावे.

दुसरी अडचण मराठी वाक्याच्या घडणीतच आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही बहुधा तिथेच असतो. पण श्वास संपत आला की बहुतेकांचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली जातो. ‘हे काम या महिन्यात पूर्ण होणार’ इथपर्यंत ऐकू आले आणि पुढचे ‘नाही’ घशातच विरले, तर मागच्या रांगेपर्यंत नेमका उलटा अर्थ पोहोचतो. यावर इलाज म्हणजे वाक्ये आखूड ठेवणे, शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवणे, आणि तालमीच्या वेळी प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मुद्दाम ठासून म्हणण्याचा सराव करणे. आठवडाभर हा सराव केला की त्यातला अतिरेक आपोआप गळून पडतो आणि स्पष्टपणा तेवढा उरतो.

संबोधनाचाही घोळ असाच होतो. मराठीत ‘आपण’ या शब्दाचा अर्थ कधी ‘तुम्ही’ असा आदरार्थी असतो, तर कधी ‘आपण सगळे’ असा असतो. ‘आपण हा अहवाल सोमवारी पूर्ण करू शकतो’ असे म्हणणारा माणूस स्वतःला त्यात धरतो आहे की नाही, हे कळत नाही, आणि सोमवारी अहवाल कोणीच आणत नाही. जबाबदारी वाटून द्यायची असेल तेव्हा ‘तुम्ही’, ‘मी’ आणि ‘आपण सगळ्यांनी’ हे शब्द वेगवेगळे वापरावेत. आकड्यांबाबतही सावध राहावे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे आकडे घाईत म्हटले की सारखेच ऐकू येतात, म्हणून महत्त्वाचा आकडा सावकाश म्हणावा, त्यानंतर क्षणभर थांबावे आणि शक्य असेल तेथे तो पडद्यावरही दाखवावा. इंग्रजी शब्दांचा बाऊ करू नये. ‘मीटिंग’ किंवा ‘सॉफ्टवेअर’ म्हटल्याने भाषा बाटत नाही, पण वाक्यागणिक ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्चुअली’ येत असतील तर ती भाषेची नव्हे, विचाराची चाचपड असते.

तालीम

तालीम उभे राहून, पूर्ण आवाजात आणि घड्याळ लावूनच करावी. पुटपुटून केलेल्या तालमीत दम कुठे लागतो, कोणत्या जोडाक्षरावर जीभ अडखळते आणि कोणते वाक्य ऐकायला विचित्र वाटते, यांपैकी काहीच कळत नाही. ग्रीसमधील वक्ता डेमॉस्थेनीस तोंडात खडे ठेवून बोलत असे आणि चढ चढता चढता उतारे म्हणत असे, अशी कथा प्राचीन चरित्रकारांनी सांगितली आहे. खडे तोंडात घेण्याची आवश्यकता नाही, परंतु जिना चढताना आपले पहिले मिनिट म्हणून पाहावे. श्वास कुठे घ्यायचा, हे त्यातून बसल्या जागेपेक्षा लवकर कळते.

संपूर्ण भाषण शब्दशः पाठ करणे मात्र धोक्याचे आहे. तरुणपणी विन्स्टन चर्चिल भाषणे पाठ करून येत असत. १९०४ साली ब्रिटिश संसदेत बोलता बोलता त्यांचा धागा तुटला, पुढचे वाक्य आठवेना, आणि त्यांना भाषण अर्धवट सोडून खाली बसावे लागले. पुढे आयुष्यभर ते सविस्तर टिपणे जवळ बाळगत. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी निसटते, पण मुद्दे लक्षात असले तर शब्द वेगळे आले तरी अडत नाही. म्हणून सुरुवातीची दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य पाठ करावे आणि मधल्या भागासाठी तळहाताएवढ्या जाड कागदावर, लांबूनही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, प्रत्येक मुद्द्याचे दोन-तीन शब्द लिहावेत. कागदावर पूर्ण वाक्ये लिहिली की डोळे तिथेच खिळतात. प्रत्येक तालमीत वाक्ये थोडी वेगळी आली, तर ती तालीम चांगली झाली असे समजावे.

काही प्रसंगी भाषण वाचूनच दाखवावे लागते. अशा वेळी सहाव्या जॉर्ज राजाची पद्धत उपयोगी पडते. बोलताना तो अडखळत असे, आणि १९२६ पासून लायोनेल लोग याने त्याला श्वासाचे व बोलण्याचे व्यायाम शिकवले. भाषणाच्या प्रतीवर कुठे थांबायचे याच्या खुणा केलेल्या असत आणि जीभ अडेल असे शब्द आधीच बदलून घेतले जात. आपणही छापील प्रतीवर छोट्या विरामासाठी एक आणि मोठ्या विरामासाठी दोन तिरक्या रेघा ओढाव्यात, जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ द्यावी, आणि जो शब्द तीन तालमींत तिन्ही वेळा अडखळवतो तो खुशाल काढून टाकावा.

आवाज, विराम आणि हात

संवादाचा ९३ टक्के परिणाम देहबोली आणि स्वर यांचा असतो व शब्दांचा केवळ ७ टक्के, असे प्रशिक्षणवर्गांत ठासून सांगितले जाते. ते ऐकून मजकुराची हेळसांड करणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले आहेत. ते प्रयोग आवडनिवड यांसारख्या भावना व्यक्त होण्यापुरते होते आणि त्यांत सुटे शब्द व स्वर यांचा मेळ बसत नसताना ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, हे तपासले होते. सर्व प्रकारच्या बोलण्याला ते लागू नाहीत, असे स्वतः मेहराबियन यांनीही सांगितले आहे. चेहरा आणि शब्द एकमेकांविरुद्ध जाऊ नयेत, एवढाच धडा त्यातून घ्यावा.

आवाज मोठा करणे म्हणजे ओरडणे नव्हे. पोटातून आलेल्या श्वासावर आवाज तोलला की तो मागच्या रांगेपर्यंत जातो, आणि घसा आवळून काढलेला आवाज दहा मिनिटांत बसतो. विरामाविषयी सांगायचे, तर बोलणाऱ्याला युगासारखे वाटणारे दोन सेकंद ऐकणाऱ्याला फक्त श्वास घेण्याइतके वाटतात. ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘आणि मग’ ही पालुपदे त्या दोन सेकंदांच्या भीतीनेच तोंडात येतात. ती थांबवण्याचा निश्चय करून थांबत नाहीत. त्यांच्या जागी तोंड मिटून श्वास घेण्याची सवय लावली तरच ती मागे पडतात. हात कुठे ठेवावेत, हा प्रश्न सर्वांना छळतो. ते सुटे ठेवावेत, बाकी काही करू नये. नजर मात्र एका वाक्यापुरती एका माणसावर स्थिर ठेवावी आणि पुढच्या वाक्याला दुसऱ्याकडे वळवावी.

अचानक बोलायची वेळ येते तेव्हा

रोजच्या जगण्यात ठरवून केलेल्या भाषणांपेक्षा ‘तुमचं काय मत?’ हा प्रश्नच अधिक वेळा समोर येतो. त्यासाठी एक साचा तयार ठेवावा: मत एका वाक्यात, त्याचे एक कारण, एक उदाहरण, आणि पुन्हा मत. उदाहरणार्थ, ‘माझ्या मते ही बैठक पंधरवड्याने घ्यावी. दर आठवड्याला सांगण्यासारखं नवं फारसं नसतं. मागच्या दोन बैठकांत आपण तेच तीन मुद्दे पुन्हा बोललो. म्हणून पंधरवडा पुरेसा आहे.’ एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते आणि ऐकणाऱ्याला पूर्ण उत्तर मिळते. उत्तर माहीत नसेल तर ‘ही माहिती आत्ता माझ्याकडे नाही, उद्या दुपारपर्यंत कळवतो’ असे म्हणून थांबावे आणि दिलेली वेळ पाळावी.

या सरावासाठी राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स मंडळांची रीत फार चांगली आहे. तिथे आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलावे लागते, हिरवा, पिवळा आणि लाल रंग दाखवून वेळेची जाणीव दिली जाते, आणि एक सदस्य केवळ ‘अं’ आणि इतर भरीचे शब्द मोजण्यासाठी नेमलेला असतो. मंडळात जाणे शक्य नसले तरी दोन-तीन मित्रांना आठवड्यातून अर्धा तास हे घरीच करता येते. चिठ्ठ्यांवर विषय लिहावेत, एकेक उचलावी आणि उभे राहून बोलावे. बैठकांमध्ये गप्प राहण्याची सवय असलेल्यांनी प्रत्येक बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी तोंड उघडावे, मग तो नुसता प्रश्न असला तरी चालेल, कारण जितका उशीर होतो तितके पहिले वाक्य जड होत जाते.

ऑनलाइन बैठकीत समोरच्यांचे चेहरे पाहण्याच्या नादात नजर खाली जाते, म्हणून महत्त्वाचे वाक्य म्हणताना कॅमेऱ्याकडे पाहावे. सादरीकरणाच्या पडद्यावर परिच्छेद ठेवू नयेत, कारण श्रोता एक तर वाचतो किंवा ऐकतो, दोन्ही एकदम करत नाही.

प्रश्न आणि त्यानंतर

प्रश्नोत्तरांची तालीम जवळजवळ कोणी करत नाही, आणि बोलणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. आपल्याला सर्वांत नकोसे वाटणारे पाच प्रश्न लिहून काढावेत आणि प्रत्येकाचे उत्तर मोठ्याने देऊन पाहावे. प्रत्यक्षात प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा, सभागृह मोठे असेल तर तो थोडक्यात पुन्हा सांगावा, उत्तर प्रश्नकर्त्याकडे पाहून सुरू करावे आणि सर्वांकडे पाहून संपवावे. खोचक प्रश्नातील खोच सोडून त्यातील मुद्द्यालाच उत्तर द्यावे.

बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ध्वनिमुद्रण ऐकावे. आपलाच आवाज परका आणि पातळ वाटतो, कारण एरवी तो हवेबरोबरच कवटीच्या हाडांतूनही आपल्याला ऐकू येतो आणि मुद्रणात ती भरीव बाजू नसते. त्यामुळे पहिल्यांदा केवळ सवय होण्यासाठी ऐकावे आणि दुसऱ्यांदा पेन घेऊन बसावे. दोष दहा सापडतील, पण पुढच्या वेळेसाठी त्यांतील एकच निवडावा आणि तो पुढच्या टिपणाच्या माथ्यावर लाल अक्षरात लिहून ठेवावा, म्हणजे बोलायला उभे राहताना सर्वांत आधी तोच डोळ्यांसमोर येईल.